रात्री दहाचा फोन

«ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची. राजारामपुरीत राहते, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. नोव्हेंबरात पाच दिवस हंपीला जायचं चौघींनी ठरवलं होतं, एकेक करत तिघी गळाल्या. मी हरिप्रिया एक्सप्रेसचं तिकीट रद्द केलेलं नाही, एकटीच जाणार आहे. हॉटेलची खोली पाच दिवस एकटीला परवडत नाही, म्हणून हॉस्टेल बघतेय. तीन जागा काढून ठेवल्यात. एक नदीपलीकडे सानापूरला, भातशेतीत, फोटो अप्रतिम, दहापैकी ९.४ गुण. दुसरं कमलापूरचं, साधं, ८.६. तिसरं हॉस्टेल नाहीच, होस्पेट स्टेशनजवळचं हॉटेल आहे, महाग आणि हंपीपासून लांब. बाबा विचारतात, तिथं वॉर्डन असते का? आईचं माहेर संकेश्वर, तिला कानडी येतं, तिकडच्या बातम्या ती बघते. सानापूर म्हटलं की ती ‘ती’ बातमी काढते आणि बोलणंच बंद होतं. परक्या लोकांत झोपायचं म्हणजे नेमकं काय, हे खरं तर मलाही माहीत नाही. पण मन सानापूरकडं ओढतंय. काय करू?
– तिकीट रद्द न केलेली»

तिकीट रद्द केलं नाहीस ते बरं केलंस.

आधी बाबांचा प्रश्न घेऊ, तो सोपा आहे. त्यांचं काही चुकलेलं नाही. कोल्हापूरच्या माणसाला हॉस्टेल म्हटलं की बोर्डिंगच आठवणार. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकापाठोपाठ एक बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. त्यामुळं हॉस्टेल म्हणजे रेक्टर, हजेरी, आठच्या आत घरात आणि खानावळीची आमटी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तू बघतेयस ते वेगळं. तिथं खोली नाही, खाट भाड्यानं मिळते. एका खोलीत चार, सहा, आठ, कधी बारा खाटा, एकावर एक. शेजारच्या खाटेवर कोण येणार ते तुला माहीत नसतं. वॉर्डन नसते, रिसेप्शन असतं, आणि ते रिसेप्शन किती वाजेपर्यंत जागं असतं यावर तुझी सगळी सहल टांगलेली असते. त्याकडं येतेच.

बाबांना एवढंच सांग की कल्पना मुळात शाळामास्तराचीच. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शिक्षक पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला, वादळी पावसात सापडला आणि एका गावच्या शाळेत सगळ्यांनी रात्र काढली. त्यातून १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात असं पहिलं कायमचं हॉस्टेल सुरू झालं. किल्ल्यात मुक्काम म्हटल्यावर पन्हाळा बघत मोठा झालेला माणूस निम्मा तरी विरघळेल.

परक्यांत झोपायचं म्हणशील, तर आपण ते कधीपासून करत आलोय. वारीत आपल्या आज्या शाळेच्या व्हरांड्यात, अनोळखी बायकांच्या पायाशी डोकं करून झोपल्यात. फरक इतकाच की त्या एकट्या नव्हत्या. एकट्या माणसाला, त्यातून बाईला, ‘खोली नाही’ म्हणणाऱ्या धर्मशाळा आणि भक्तनिवास मी स्वतः पाहिलेत. हॉस्टेलवाला तसं म्हणत नाही, त्याचा धंदाच एकट्यादुकट्या माणसावर चालतो. आणि एक गोष्ट आईला सांगण्यासारखी आहे: हॉटेलच्या बंद खोलीतली बाई रात्री परत आली नाही तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. सहा जणींच्या खोलीत एक खाट रिकामी राहिली की कुणीतरी विचारतं, ती कोल्हापूरची कुठं गेली गं? मला एकटीनं फिरताना हॉटेलपेक्षा हॉस्टेल बरं वाटतं ते यासाठी. पैसे वाचतात ते वेगळं.

आता तुझी निवड. तू तीन जागा गुणांवर आणि फोटोंवर लावल्यास. मी त्या घड्याळावर लावणार आहे. हरिप्रिया तुला होस्पेटला कधी सोडते? रात्री. दिवसभर गाडीत बसून आलेली, फोनची बॅटरी तळाला, पाठीवर सॅक, बाहेर रिक्षावाल्यांचा गराडा. त्या घटकेला तू सगळ्यांत दमलेली आणि सगळ्यांत नवखी असणार. जागा निवडायची ती त्या घटकेसाठी. बाकीचे चार दिवस तुझे तू निभावून नेशील.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी राजस्थानात एका गावी मी रात्री साडेअकराला एका हॉस्टेलच्या दारात उभी होते. फोटोत गच्ची, झोपाळा, कंदील, सगळं होतं. दाराला आतून कडी होती. बेल वाजवली, कुणी नाही. फोन बंद. समोरच्या चहावाल्यानं टपरी आवरता आवरता बाकडं परत खाली टाकलं, घरातून बायकोला बोलावलं आणि ती माऊली माझ्याशेजारी बसून राहिली. आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नव्हती. तिनं मला किती मुलं ते बोटांवर विचारलं. एक वाजता आतला पोरगा डोळे चोळत आला, म्हणाला, मॅडम, इअरफोन लावले होते. घरी आल्यावर मी त्या जागेवरचे जुने अभिप्राय नीट वाचले. माझ्या आधी तिघांनी हेच लिहून ठेवलं होतं. मी फक्त वरचे गुण बघितले होते.

म्हणून ९.४ चं मला कौतुक नाही. गुण खोटे असतात असं नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतात, एवढंच. सानापूरच्या जागेला गुण देणारे बरेच जण टोळक्यानं, गाडी घेऊन, दिवसा गेलेले असणार. त्यांना शेकोटी, गिटार आणि शेतातला सूर्यास्त हवा होता, तो मिळाला, त्यांनी दहापैकी दहा दिले. रात्री दहाला होस्पेटला उतरणाऱ्या एकट्या मुलीचं काय होतं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तू अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावून घे आणि कमी गुणांचे आधी वाच. एकट्या गेलेल्या बायकांचे शोध. ‘रात्री’, ‘रिसेप्शन’, ‘कुलूप’, ‘ढेकूण’ हे शब्द शोधखिडकीत टाकून बघ, इंग्रजीतूनही. ‘वायफाय हळू’ अशी तक्रार सोडून दे. ‘मॅनेजर बदलल्यापासून’ अशी सुरुवात दिसली की थांब, कारण वरचे गुण जुन्या मॅनेजरच्या काळातले असतात. आणि फोटोंत झोपाळे सात नि बाथरूम एकही नसलं, तर ते विसरलेले नाहीत हे धरून चाल.

आता नदी. पुराची गोष्ट आपल्याला काय सांगायची. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. चिखली-आंबेवाडी नकाशावर किती जवळ आणि पुरात किती लांब, ते आपण बघितलंय. तुंगभद्रेचं तसंच समज. हंपीच्या घाटावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो. पण पलीकडं नेणारी नाव संध्याकाळी बंद होते आणि धरणातून पाणी सोडलं की दिवसाही बंद. मग रस्त्यानं पुलावरून लांबचा वळसा. पलीकडचा जिल्हाही वेगळा: हंपी-होस्पेट विजयनगर जिल्ह्यात, आनेगुंदी-सानापूर कोप्पळमध्ये. विरुपापूर गड्डी या नदीतल्या बेटावरची रिसॉर्टं २०२० साली पाडली, तेव्हापासून पलीकडं राहायचं म्हणजे बहुतेक सानापूर-आनेगुंदीच्या बाजूलाच. म्हणजे तुझी पहिली रात्र रिक्षात, अंधारात, शेतांमधल्या रस्त्यावर. दिवसा तोच रस्ता इतका देखणा आहे की तू दहा वेळा थांबशील. दिवसाच जा.

आईची बातमी. ती टाळून मी तुला सल्ला देऊ शकत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये सानापूरजवळ कालव्याच्या काठी रात्री तारे बघायला बसलेल्या पर्यटकांवर आणि त्यांच्या होमस्टेच्या यजमानीणबाईंवर हल्ला झाला. दोघींवर अत्याचार झाले, एका तरुणाचा जीव गेला. चूक तिथं बसणाऱ्यांची नव्हती, हे आईलाही ठाऊक असेल. पण त्या बातमीतली एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. तिथं कुणीही एकटं नव्हतं. सोबत पुरुष होते, गावची माहिती असलेली यजमानीण होती. त्यामुळं ‘कुणी सोबत असतं तर पाठवलं असतं’ असं आईला वाटत असेल, तर ते मला समजतं, पण पटत नाही. माझ्या मते आडरानातला अंधार हाच धोका, मग तू एकटी असो की पाच जण. हॉस्टेलवाले रात्रीचे कार्यक्रम काढतात, तळ्यावर, टेकडीवर, कालव्यावर. तिथं ‘सगळे चाललेत’ हे पुरेसं कारण धरू नकोस. सूर्यास्त बघ, पण उजेड आहे तोवर परत फीर. ही घटना झाली म्हणून सानापूर वाईट, असं मी म्हणणार नाही. तिथली माणसं त्याच धंद्यावर पोट भरतात. पण पहिल्यांदा एकटी निघालेल्या मुलीनं पाचही रात्री तिथं काढाव्यात, असंही म्हणणार नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. पहिली रात्र ते महागडं स्टेशनजवळचं हॉटेल. एकच रात्र. तो खर्च राहण्याचा धरू नकोस, निवांतपणाचा धर. उतरलीस, चालत किंवा पाच मिनिटं रिक्षात, कुलूप, अंघोळ, झोप. लॉज घेताना मात्र नुसतं ‘स्टेशनसमोर’ बघू नकोस, कुटुंबं उतरतात असं ठिकाण घे, तसं अभिप्रायांत कळतं. (काही स्टेशनांवर रेल्वेच्या विश्रांती खोल्या असतात. पक्क्या किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर त्या आगाऊ मिळतात. होस्पेटसाठी दिसते का ते आयआरसीटीसीवर बघून घे.) सकाळी नाश्ता करून बसनं निघ. होस्पेट ते हंपी १३ किलोमीटर, दिवसा बसेस भरपूर. मग कमलापूरचं साधं ८.६. तिथून हंपीचे अवशेष जवळ, गावात संग्रहालय आहे, रस्त्यावर माणसं असतात. आधी दोनच रात्री घे, पाच नको. आवडलं तर वाढव, नोव्हेंबरात गर्दी असते म्हणून बुकिंग रद्द करण्याची मुदत तेवढी बघून ठेव. एक दिवस सकाळच्या नावेनं पलीकडं जा, आनेगुंदी बघ, सानापूरचं तळं बघ, तुझ्या त्या ९.४ वाल्या जागी जेवून ये. जागा डोळ्यांनी बघितल्यावर एखादी रात्र राहावंसं वाटलं, तर दिवसाउजेडी सामान घेऊन जा. मग तो निर्णय फोटोवर घेतलेला नसेल. आणि परतीची हरिप्रिया होस्पेटला सकाळी असते, तेव्हा शेवटची रात्र नदीपलीकडं काढू नकोस.

आता बुकिंगआधीचं माझं एकच व्रत, जे त्या टपरीच्या बाकड्यावर घेतलं. ज्या वेळी तू पोहोचणार, त्याच वेळी आठवडाभर आधी तिथं फोन लाव. मेसेज नको, फोन. रात्री दहाला पोहोचणार असशील तर रात्री दहाला. किती रिंगा झाल्या, कोण बोललं, आवाजात झोप होती की वैताग, मागं धिंगाणा चालला होता का, एवढ्यातच निम्मं कळतं. मग विचार: रात्री रिसेप्शनवर कुणी असतं का, की बाहेरचं दार लावून सगळे झोपतात? बायकांची वेगळी डॉर्म, म्हणजे पुष्कळ खाटांची खोली, आहे का, आणि माझं बुकिंग तिथंच झालंय का? हे विचारच, कारण स्वस्तातली पहिली दिसणारी खाट पुष्कळदा मिक्स्ड, म्हणजे बायका-पुरुषांच्या एकत्र डॉर्मची असते आणि घाईत तीच दाबली जाते. बाथरूम खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून? शेतातल्या झोपड्यांच्या ठिकाणी हा प्रश्न रात्री दोन वाजता फार मोठा होतो. फोनवर बोलणारा पोरगा तिथला नोकर नसून राहण्या-जेवणाच्या बदल्यात महिनाभर काम करणारा प्रवासीही असू शकतो. तसं वाटलं तर मॅनेजरचा नंबर माग. चिडून उत्तर दिलं तर तेही उत्तरच झालं.

ओळखपत्र मूळ लागतं: आधार, मतदार कार्ड, लायसन किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. बऱ्याच हॉस्टेलांत त्याच गावचा पत्ता असलेल्यांना ठेवून घेत नाहीत, तेव्हा ‘आधी एक रात्र इथंच कुठंतरी राहून बघ’ अशी कुणी आयडिया काढली तर ती कोल्हापुरात जमेलच असं नाही. काही ठिकाणी वयाचीही अट असते. मला एकदा ‘पंचेचाळीसच्या आतलेच’ म्हणून नाकारलंय. तुला त्याला अजून वेळ आहे.

खाटेचं म्हणशील तर खालची माग. वरची घेतलीस तर शिडी आणि पंखा यांचं अंतर आधी बघ, आपल्याकडच्या डॉर्मांत वरच्या खाटेवर उठून बसताना भीती पंख्याची असते. पडदा, स्वतंत्र दिवा आणि उशाशी प्लग असेल तर ती जागा चालवणारा माणूस कधीतरी स्वतः डॉर्ममध्ये झोपलेला आहे, असं खुशाल समज. लॉकरला कुलूप आपलं न्यायचं. लक्ष्मीपुरीतून छोटंच घे, जाड दांडीचं लॉकरच्या कडीत शिरत नाही. टॉवेल ने, पुष्कळ ठिकाणी भाड्यानं देतात. कानात घालायचे बोळे ने, घोरणारी एकजण तुझ्या नशिबात आहेच. पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदयाला जायचं असेल तर पिशवी आदल्या रात्री भर. साडेचारला प्लास्टिकची पिशवी चुरचुरवणाऱ्या बाईला सगळी डॉर्म मनात काय म्हणते ते मी ऐकलेलं आहे, मीच ती बाई होते.

हॉस्टेलचा पत्ता कानडीत लिहिलेला फोनमध्ये फोटो काढून ठेव, रिक्षावाल्याला दाखवायला. तुझ्याकडं तर तो लिहून द्यायला घरातच माणूस आहे. ११२ नंबर पाठ असू दे. इन्स्टावर फोटो टाक, पण ती जागा सोडल्यावर. आणि हंपी गावात मटण मिळत नाही, दारूही नाही, देवळाचा परिसर आहे. चार दिवस तांबड्या-पांढऱ्याची आठवण काढत इडली खायची तयारी ठेव.

राहता राहिली आई. तिला ‘काही होत नाही गं’ म्हणू नकोस. ज्यानं बातमी वाचलीय त्याला ते वाक्य अपमानासारखं लागतं. तिला नकाशा दाखव: होस्पेट इथं, कमलापूर इथं, सानापूर नदीच्या त्या अंगाला, आणि मी रात्री त्या अंगाला नसणार. दिवसातून दोन फोन ठरवा, सकाळी निघताना आणि रात्री खाटेवर पडल्यावर. तासातासाला फोन ठरवलास तर एक चुकेल आणि इकडं सगळी राजारामपुरी जागी होईल.

आणि तो रात्री दहाचा फोन तू लावू नकोस. आईला लावू दे, कानडीत. तू शेजारी बस आणि स्पीकर चालू ठेव. होस्पेटच्या हॉटेलला एक, कमलापूरच्या हॉस्टेलला एक. तिला विचारायला सांग, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, दार रात्री कोण उघडतं. संकेश्वरच्या बाईशी तिकडचा माणूस कानडीत काय आणि कसं बोलतो, ते ऐकून मग पैसे भर.